कवळीवाल्यांच्या घरातली शांतता

कवळीवाले माझ्यासाठी काम करतात त्याला यंदा बावीस वर्षं झाली. मी दातांची डॉक्टर. रुग्णाच्या तोंडात चिकट लगदा कोंबून त्याच्या दातांचं माप घ्यायचं आणि ते डबीत घालून कवळीवाल्यांकडे पाठवायचं, एवढं माझं काम. त्या मापात प्लॅस्टर ओतून दातांचा साचा काढायचा आणि साच्यावर कॅप, ब्रिज, कवळी, जे हवं ते घडवायचं, हे त्यांचं. रुग्ण आभार मानतो ते माझे. शिव्याही मलाच घालतो. कवळीवाले दोन गल्ल्या पलीकडे एका तळघरात बसतात आणि त्यांचं तोंड रुग्णानं कधी पाहिलेलं नसतं. त्यांनी मात्र रुग्णाचं तोंड अगदी निगुतीनं पाहिलेलं असतं.

'कवळीवाले' हे नाव त्यांना मुळीच आवडत नाही. कवळी काय, कुणीही करतं. खरा हात दिसतो तो कॅपमध्ये, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खरं आहे. पण दाढ उपटता येते, पडलेलं नाव उपटता येत नाही.

माणूस बेताच्या उंचीचा, बोलका, आणि भुवयांवर बारा महिने प्लॅस्टरची भुकटी. दुपारी पाहिलं तर सत्तरीचे वाटतात, संध्याकाळी तोंड धुतलं की पुन्हा छप्पन्नचे होतात. तळघरात भिंतीभर फळ्या आहेत आणि शहरातल्या निम्म्या लोकांचे दात त्या फळ्यांवर विचकून बसलेले आहेत. साच्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. नाव माझ्या वहीत. ही पद्धत मीच घालून दिली, कारण शहर लहान आहे आणि कवळीवाल्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

पण नंबर असला म्हणून ते गप्प बसतात असं नाही. ते साचे वाचतात. पुढच्या दाताला बारीक खाच दिसली की म्हणणार, शिंपी आहे, दोरा दातानं तोडतो. एकाच बाजूच्या दाढा झिजलेल्या दिसल्या की म्हणणार, दुसऱ्या बाजूला दुखतंय पण डॉक्टरला भितोय. झोपेत दात खाणाऱ्यांवर तर त्यांचा विशेष लोभ. अशा माणसाच्या दाढेवरचे उंचवटे घासून घासून सपाट झालेले असतात, आणि ते सपाट मैदान पाहून कवळीवाले त्याच्या घरची कुंडली मांडतात. एकदा मला फोन करून म्हणाले, "बाई, हा एकशे साठ नंबर कुणाला तरी जाम घाबरतो." एकशे साठ नंबर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांना अख्खं शहर घाबरतं. मी हसले. मग आठवलं की शाळेचे अध्यक्ष त्यांचे सासरे आहेत.

ही विद्या त्यांना उस्तादांनी दिली. उस्ताद म्हणजे दूरच्या गावचे एक म्हातारे कारागीर. सतराव्या वर्षी कवळीवाले त्यांच्या हाताखाली लागले आणि मनानं अजून तिथून उठलेले नाहीत. उस्ताद म्हणाले की सूर्य पश्चिमेला उगवतो, तर कवळीवाले सकाळी तिकडचा पडदा सारतील. उस्तादांची एक शिकवण अशी की प्रत्येक कॅपच्या आतल्या अंगाला सुईनं खूण कोरायची. बाहेर काहीही कोरलं तरी चावून चावून झिजतं, आतलं राहतं. म्हणून कवळीवाले प्रत्येक कॅपच्या आत तिचा नंबर कोरतात. बावीस वर्षांत बिननंबराची कॅप त्यांनी एकच केली. ती त्यांच्या बायकोची.

चार वर्षांपूर्वी ते एक ब्रिज दाखवायला माझ्याकडे आले, बोलता बोलता थांबले आणि रुग्णाच्या खुर्चीत जाऊन बसले. त्या खुर्चीत आपणहून बसलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यामुळे मला लगेच कळलं की प्रकरण हृदयाचं आहे. माझ्याच गाडीत घालून त्यांना इस्पितळात नेलं. वेळेवर पोचलो. पाचव्या दिवशी घरी सोडताना हृदयाचे डॉक्टर पेनाचं टोपण लावत म्हणाले, "गोळ्या वेळेवर, मीठ कमी, रोज चालायचं. आणि यांना टेन्शन अजिबात द्यायचं नाही." तोपर्यंत त्यांची नजर पुढच्या माणसाच्या फायलीवर गेलेली होती. वहिनींनी, म्हणजे कवळीवाल्यांच्या बायकोनं, मान डोलवली. शेजारी उभं राहून मीही डोलवली. मान डोलवायला डोकं लागत नाही.

वहिनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसतात. ज्याच्या नळाला पाणी नाही तो वहिनींवर ओरडतो, ज्याच्या नळाला गढूळ पाणी येतं तोही वहिनींवरच ओरडतो. वहिनी सगळं लिहून घेतात आणि पुढच्याला बोलावतात. एवढा सराव असलेल्या बाईला कुणी सांगितलं की नवऱ्याला टेन्शन द्यायचं नाही, तर ती ते काम कसं करील याचा विचार डॉक्टरांनी करायला हवा होता. वहिनींनी त्या दिवसापासून घराच्या सगळ्या वाईट बातम्या स्वतःच्या खिडकीवर घ्यायला सुरुवात केली. नवऱ्यापर्यंत एकही जाऊ दिली नाही.

गच्चीवरची टाकी झिरपून आतल्या खोलीची भिंत ओली झाली, तेव्हा वहिनींनी डागापुढे कपाट सरकवलं. मुलगा दुसऱ्या शहरात इंजिनियर व्हायला गेला होता. त्यानं दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडलं आणि पार्सलच्या गोदामात नोकरी धरली. वहिनींनी त्याला एवढंच सांगितलं की दर रविवारी बाबांना फोन करायचा आणि अभ्यासाबद्दल बोलायचं. मुलगा बिचारा बोलतो. त्या हिशेबानं तो अडीच वर्षं तिसऱ्याच वर्षात आहे, आणि हल्ली अभ्यासक्रम फार वाढवलाय असं कवळीवाल्यांचं मत आहे. मधेच वहिनींची बदली निघाली, दोनशे मैलांवर. साहेबापुढे दाताच्या कण्या करून त्यांनी ती रद्द करवून घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा निघाली, पुन्हा कण्या केल्या. कवळीवाल्यांना त्यातलं अवाक्षर कळलं नाही.

आणि मग उस्ताद गेले. सकाळी आठला त्यांच्या मुलाचा फोन आला तो वहिनींनी घेतला, कारण कवळीवाले अंघोळीला गेले होते. अंघोळ करून ते बाहेर आले, वहिनींनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं. एकशे वीस, ऐंशी. त्या आकड्याकडे पाहून वहिनींच्या तोंडून शब्द फुटेना. दुपारी सांगू म्हणाल्या, मग उद्या, मग रविवारी. आठवड्यानं कवळीवाल्यांनीच विचारलं, "उस्तादांचा फोन का लागत नाही गं?" वहिनी म्हणाल्या, "बिघडलाय म्हणे. मुलानं निरोप दिलाय, बरे आहेत."

एकदा बरे आहेत म्हटलं की माणसाला पुढं बरंच राहावं लागतं. उस्तादांचे निरोप येऊ लागले.

कवळीवाले मला कौतुकानं सांगायचे. "उस्तादांनी निरोप पाठवलाय बाई, डोळ्यांना जप, फार वेळ भिंगातून पाहू नकोस." मग महिन्यानं, "उस्ताद म्हणतायत, सहाच्या आत घरी जात जा." आयुष्यात कधी आठच्या आधी तळघर न सोडलेला माणूस साडेपाचला कुलूप लावू लागला. नंतर एक निरोप असा आला की, घरी गेल्यावर घरच्या माणसाशी चार शब्द बोलत जा. तोही कवळीवाल्यांनी शिरोधार्य मानला. रोज जेवताना ते बायकोशी बोलू लागले. म्हणजे दिवसभरात आलेले साचे एकेक करून सांगू लागले.

तब्येत मात्र ठणठणीत. हृदयाचे डॉक्टर त्यांना इतर रुग्णांपुढे उभं करून दाखवायचे. "टेन्शन घ्यायचंच नाही बाई," कवळीवाले मला शिकवायचे. "मी बघा, घेतच नाही." खरंच होतं. त्यांना कुणी देतच नव्हतं.

यातलं काहीही मला माहीत नव्हतं, एका सकाळी वहिनी माझ्याकडे येईपर्यंत. खालची दाढ उभी चिरली होती. कशानं, असं विचारलं तर म्हणाल्या, "केळं खाताना."

केळ्यानं दाढ फुटत नाही. ती आधीच फुटायला टेकलेली असते, केळं आपलं नावाला. मी वहिनींच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा चौकोनी झाला होता. लांबट चेहऱ्याची बाई वयानं जाड होईल, सुकेल, पण चौकोनी कशी होईल? मी गालांवर बोटं ठेवली आणि दात आवळायला सांगितलं. दोन्ही बाजूंना जबड्याचा स्नायू लिंबाएवढा वर आला. वर्षानुवर्षं वजनं उचलणाऱ्या माणसाचे दंड जसे वाढतात, तसा त्यांचा जबडा रोज रात्री मेहनत करून वाढला होता. तोंड उघडलं तर सगळ्या दाढा सपाट.

"कान दुखतो का?"

"दुखतो. कानाच्या डॉक्टरांनी पाहिला. कान चांगला आहे म्हणाले."

"सकाळी उठल्यावर डोकं?"

"दुखतं. चष्मा बदलला."

मग एकेक निघत गेलं. मान धरते म्हणून मानेचे व्यायाम चालू होते. पोटात जळतं म्हणून पोटाच्या डॉक्टरांची गोळी. केस गळतात म्हणून कातडीच्या डॉक्टरांचं मलम. बोटाला सुरी लागली होती, ती जखम महिना झाला तरी ओलीच. सर्दी गेली की आठवड्यात परत. पहाटे तीनला डोळे उघडतात ते उघडतात. शरीराचे जेवढे भाग, तेवढे डॉक्टर त्यांनी पालथे घातले होते, आणि प्रत्येकानं आपापला भाग तपासून तो ठीक असल्याचं सांगून शेवटी म्हटलं होतं, टेन्शन घेऊ नका. वहिनी 'बरं' म्हणून घरी आल्या होत्या.

मी दातांची डॉक्टर असले तरी कॉलेजात शरीर सगळं शिकवतात. संकट आलं की शरीराला एकच युक्ती येते. हृदय जोरात चालवायचं, रक्तात साखर सोडायची, स्नायू आवळायचे, आणि पोट, झोप, जखमा भरणं असली फुरसतीची कामं तात्पुरती बंद ठेवायची. समोर वाघ उभा असेल तर ही युक्ती नामी आहे. दहा मिनिटांत एक तर वाघ जातो, नाहीतर तुम्ही. पण वाघ घरातच राहायला असेल, आणि त्याला दोन वेळा गोळ्या आणि बिनमिठाचं जेवण द्यायचं असेल, तर ती दहा मिनिटं चार वर्षं चालतात. शरीराला वाटतं, संकट अजून दारात आहे. ते पहारा सोडत नाही. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणून ठीक, पण त्याला चार वर्षं झोपूच दिलं नाही तर तो घरच्यांवरच लाठी चालवतो. वहिनींच्या अंगात तेच चाललं होतं. आणि दिवसभर जे तोंड मिटून ठेवलं होतं, ते रात्री आपलं काम करून घेत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फक्त इथं दाबणारा हातही त्यांचा आणि बुक्क्याही त्यांच्याच.

दाढ काढण्याआधी मी बीपी घेते. एकशे अडुसष्ट, एकशे चार.

"वहिनी, तुमच्या घरी तर रोज दोनदा बीपी मोजतात ना?"

"हो, मोजतो की," त्या म्हणाल्या. "ह्यांचं."

त्या दिवशी मी दाढ काढली नाही. दार लावून घेतलं आणि वहिनींना बोलतं केलं. वर सांगितलं ते सगळं मला तेव्हा आणि नंतरच्या खेपांना कळलं. मी म्हटलं, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, हे बीपी बरं नव्हे, यानं माणूस एक दिवस आडवा होतो. वहिनी म्हणाल्या, "ते ह्यांचेच डॉक्टर. बातमी घरी पोचेल." मी म्हटलं, मग दुसऱ्या डॉक्टरांची गोळी तरी सुरू करा. ती त्यांनी केली. कामावरच्या पिशवीत ठेवायच्या आणि कचेरीत घ्यायच्या. कधी विसरायच्या.

दातांना मात्र पट्टी हवीच होती. झोपताना दातांवर चढवायची पारदर्शक पट्टी असते, आम्ही तिला गार्ड म्हणतो. दात खायचेच असतील तर माणूस ती खातो. मी म्हटलं, बाहेरगावाहून करून मागवते. वहिनी एकदम ताठ झाल्या. "दुसऱ्या कुणाच्या हातचं मी तोंडात घालणार नाही. ह्यांच्याकडेच द्या. पण नाव सांगायचं नाही." मी शब्द दिला. साच्याला नंबर दिला दोनशे बारा.

माझा अंदाज होता की साचा पाहताच कवळीवाले ओळखतील. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच केलेली कॅप त्या साच्यात होती. पण ओळखणार कशी? त्यांनी जीव ओतून कोरलेले उंचवटे वहिनींनी घासून सपाट केले होते. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"बाई, दोनशे बारा! असा साचा मी जन्मात पाहिला नाही. चक्की आहे का तोंडात?"

"काय वाचलंत?"

"आधी वाटलं सासू असेल. पण सासू असली की माणूस भांडतं, निदान शेजारणीपाशी बोलतं. एवढं घासायला माणूस एकटं लागतं. मी सांगतो, या बाईला घरी बोलायला कुणी नाही. कुणी असतं तर दाढा वाचल्या असत्या."

गार्ड कधी मिळेल, एवढंच मी विचारलं. मी शब्द दिला होता. हेच वाचन त्यांनी त्या रात्री जेवताना घरी ऐकवलं. वहिनींनी मला नंतर सांगितलं. मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?" त्या म्हणाल्या, "असेल हो, म्हटलं. आणि भाजी वाढली." मला वहिनींचा राग आला, कवळीवाल्यांचा आला, आणि घरी गेल्यावर माझ्या नवऱ्यानं काही विचारलं तर मी त्याच्यावरच खेकसले.

गार्ड तीन-तीन वर्षं टिकतो. वहिनींनी चार महिन्यांत आरपार झिजवला. बीपी गोळी घेऊनही एकशे साठच्या खाली येईना. मी सरळ उठून हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, "त्यांना एखादी वाईट बातमी कळली तर खरोखर धोका आहे का? तुम्ही सांगितलं होतं, टेन्शन द्यायचं नाही."

"मी? कुणाला?" डॉक्टर म्हणाले. मग हसले. "अहो, ते मी सगळ्यांनाच सांगतो. घरी सोडताना काहीतरी म्हणावं लागतं ना. ते ठणठणीत आहेत. बातम्या कळू द्या की, माणूस आहेत."

मी तिथं चहा घेतला नाही.

वहिनींना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खिडकीवर ऐकतात तसं. म्हणाल्या, "डॉक्टरांना काय जातंय बोलायला." एवढी चार वर्षं एका वाक्यावर उभी होती, ते वाक्य काढून घ्यायला त्या तयार नव्हत्या. शिवाय उस्तादांचं आता सांगायचं तरी कसं? आठ महिने मेलेल्या माणसाचे निरोप पुरवल्यावर?

पुढच्याच आठवड्यात त्यांची कॅप निघून आली. कॅपखालचा दात मोडला होता. वहिनी ती कागदात गुंडाळून घेऊन आल्या. मी नवं माप घेतलं, दोनशे बारा नंबर टाकून डबीत ठेवलं. मग ती जुनी कॅपही डबीत टाकली. नव्या कामाला जुनी कॅप लागत नाही. मला ते माहीत होतं. मी नाव सांगितलं नाही, शब्द मोडला नाही. फक्त एक वस्तू पाठवली. रात्रभर हेच स्वतःला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. अकराच्या सुमारास कवळीवाले आले, कमरेला कामाचा ॲप्रन तसाच, भुवया पांढऱ्या. माझ्या टेबलावर त्यांनी ती कॅप उलटी ठेवली.

"ही कुणाची?"

"दोनशे बाराची."

"नंबर नाही विचारला."

"मी शब्द दिलाय."

"मग नका बोलू," ते म्हणाले. "आत नंबर नाहीये. आत तीळ आहे. तिच्या हनुवटीवर आहे तसा. मीच काढलाय, सुईनं."

आणि ते रुग्णाच्या खुर्चीत जाऊन बसले. मी धावत जाऊन दंडाला पट्टा बांधला. एकशे चौतीस, शहाऐंशी. एवढं तर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं मला पाहून होतं.

"मी तिला म्हणालो, त्या बाईला बोलायला कुणी नाही," ते छताकडे बघत म्हणाले. "तिला म्हणालो मी. तोंडावर." मग माझ्याकडे वळले. "कशाचं टेन्शन आहे तिला?"

"तुमचं."

"माझं? मी तर टेन्शन घेतच नाही."

"तेच," मी म्हटलं.

शहाणा माणूस आहे, पुढं समजावून सांगावं लागलं नाही. उठून म्हणाले, "चला बाई माझ्याबरोबर. डॉक्टर कुणीतरी असलेला बरा." मी म्हटलं, मी दातांची आहे. ते म्हणाले, दातांचंच आहे.

वहिनी सुट्टीमुळे घरीच होत्या. अवेळी आलेला नवरा आणि मागं मी, हे पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. काय झालं असं विचारायच्या आधी त्या बीपीचं यंत्र घेऊन आल्या. नवऱ्याला खुर्चीत बसवलं, पट्टा दंडाला लावू लागल्या. कवळीवाल्यांनी तो काढून घेतला आणि वहिनींच्या दंडाला बांधला. चार वर्षांत तो पट्टा त्या दंडाला पहिल्यांदा लागला. त्यांना तो बांधता येत नव्हता, दोनदा उलटा लावला. यंत्र घुरघुरलं. एकशे बहात्तर, एकशे आठ.

"यंत्र बिघडलंय," वहिनी म्हणाल्या.

"सकाळी माझं बरोबर दाखवत होतं." त्यांनी खिशातून कॅप काढून टेबलावर ठेवली. "आता सांग. सगळं सांग."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी नाव नाही सांगितलं." मग कवळीवाल्यांकडे पाहिलं. ते हलले नाहीत.

वहिनींनी सोप्यापासून सुरुवात केली. टाकी झिरपते, कपाटामागं भिंत कुजलीय. "बरं," कवळीवाले म्हणाले. माझी बदली दोनदा निघाली होती. "बरं." मग मुलाचं. त्यावर मात्र त्यांनी विचारलं, "म्हणजे नापास झाला?" "नाही. बसलाच नाही परीक्षेला. गोदामात आहे, अडीच वर्षं झाली. सुखात आहे तसा." "म्हणून तिसरं वर्ष संपेना," ते म्हणाले, आणि पुढं म्हणाले, "मला मूर्ख समजत असेल तो." "नाही हो. दर रविवारी फोन ठेवला की रडतो." कवळीवाल्यांनी डोळे मिटून उघडले. "बरं. अजून?"

वहिनींनी दात आवळले. दोन्ही गालांवर ते स्नायू वर आले, लिंबाएवढे. कवळीवाले बघत होते. हजारो जबडे वाचलेला माणूस समोरचा जबडा पहिल्यांदा वाचत होता.

"उस्ताद?" ते म्हणाले.

वहिनींनी मान डोलवली.

"कधी?"

"आठ महिने झाले."

कवळीवाले रडले. लहान मूल रडतं तसे, आवाज करून, भुवयांवरची भुकटी गालावर ओघळेपर्यंत. वहिनी घाबरून त्यांचं बीपी घ्यायला सरसावल्या, पण पट्टा त्यांच्या स्वतःच्याच दंडाला होता. त्या तशाच उभ्या राहिल्या. मी कवळीवाल्यांच्या मनगटावर बोटं ठेवून होते. नाडी जोरात चालत होती, आणि व्यवस्थित चालत होती. आपलं माणूस गेल्यावर जशी चालावी तशी.

बऱ्याच वेळानं त्यांनी ॲप्रननं तोंड पुसलं. काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी वर पाहिलं.

"मग सहाच्या आत घरी ये, असं कोण म्हणालं? घरच्या माणसाशी चार शब्द बोल, हे कुणी सांगितलं?"

"मीच," वहिनी म्हणाल्या. "माझं ऐकलं असतंत तुम्ही?"